खोल समुद्रातल्या डाईव्हचं प्लॅनिंग : रत्नागिरीत बसून काय शिकता येईल

समुद्रयान, म्हणजे माणसांना खोल समुद्रात न्यायची आपली मोहीम, आणि तिची पाणबुडी मत्स्य 6000 यांच्या बातम्या यायला लागल्यापासून इकडच्या बीएस्सीच्या पोरापोरींचे प्रश्न वाढलेत. पहिला प्रश्न हमखास एकच, स्कूबा करू का? करा की, तारकर्लीला कोर्स आहे, मजा येते. पण 4000 मीटरवर दाब आपल्या इथल्या जवळजवळ 400 पट, तिथे कोणी पोहत जात नाही. तिथे यंत्र जातं आणि तुम्ही बहुतेक वेळा जहाजावरच्या कंट्रोल रूममध्ये स्वेटर घालून स्क्रीनसमोर बसता (एसी भयंकर असतो).

यंत्रं तीन प्रकारची. माणसं आत बसतात ती सबमर्सिबल, म्हणजे आपली मत्स्य किंवा अमेरिकेची आल्विन. केबलला बांधलेली, जहाजावरून चालवायची आरओव्ही, चेन्नईच्या एनआयओटीची (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) रोसब 6000 त्यातली. आणि एयूव्ही, जी सोडली की ठरवून दिलेल्या रस्त्याने एकटीच फिरून येते. बरेचदा एयूव्हीने आधी तळाचा नकाशा करायचा आणि त्यावरून ठरवून आरओव्ही किंवा माणूस खाली न्यायचा, असं चालतं. पायलटिंग वेगळं खातं आहे, ते इंजिनिअर लोक करतात. सायंटिस्टचं काम म्हणजे खाली गेल्यावर काय करायचं हे आधी कागदावर ठरवणं, आणि नवीन मुलं नेमकी इथेच अडकतात.

साधा हिशोब बघा. मिनिटाला 30 मीटर धरलं तर 4500 मीटर उतरायला अडीच तास, वर यायला साधारण तेवढेच. मत्स्यची नेहमीची डाईव्ह 12 तासांची ठरवलीय, म्हणजे तळावर हातात किती उरतात ते तुम्हीच मोजा. तळावर अर्ध्या नॉटने सरकलात तरी तासाला 900 मीटर, आणि सॅम्पल घ्यायला थांबलात की तेही नाही. म्हणून प्लॅनमध्ये वेपॉइंट (थांबायच्या ठरलेल्या जागा) लिहिताना शेजारी लिहायचं की इथे मला काय हवंय, किती वेळ देणार, आणि वेळ कमी पडला तर काय सोडणार. हे शेवटचं कोणी लिहीत नाही. मग खाली गेल्यावर दोन सायंटिस्ट भांडतात, एकाला कोरल हवं एकाला गाळ, आणि पायलट बिचारा दोघांकडे बघत बसतो.

गाळाचा पुश कोअर, म्हणजे नळी दाबून काढलेला नमुना, घेतात तेव्हा नीट बघा. नळीच्या हँडलवर रंगीत टेप आणि नंबर असतो, रोबोचा हात ती उचलतो, सावकाश चिखलात दाबतो, त्याहून सावकाश वर काढतो (घाई केली की खालचा गाळ सुटून पडतो) आणि परत तिच्याच जागेत ठेवतो. त्या वेळी लॉगिंगवाल्याने नंबर, खोली, ठिकाण आणि वेळ नोंदवायची. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) हं, आपल्या घड्याळात साडेपाच तास कमी करून. फोटोत दोन लेझरचे ठिपके दिसतात, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, त्यावरून प्राण्याचा आकार मोजतात. नोंद चुकली तर वर आलेला गाळ नुसता चिखल, आणि जहाजाचा दिवसाचा खर्च ऐकलात तर झोप उडेल.

हे सगळं घरबसल्या शिकता येतं, खरंच. अमेरिकेचं ओकिआनोस एक्सप्लोरर, तसंच नॉटिलस आणि फॉल्कर (टू) ही जहाजं डाईव्ह लाइव्ह दाखवतात. चार तासांची वॉच (पाळी) समजून बसा, वहीत लॉग लिहा, शेवटच्या तासाला आपली एकाग्रता कुठे जाते ते कळेल. मग जेबकोचा (जगभरच्या समुद्रतळाचा नकाशा) तळाचा डेटा फुकट उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये विजयदुर्गाच्या समोरची आंग्रिया बँक, म्हणजे समुद्राखालचं पठार, उघडा आणि तिच्या पश्चिम उतारावर खोट्या डाईव्हचा प्लॅन करा. त्या डेटाचा एक चौकोन साधारण 450 मीटरचा आणि आरओव्हीच्या लाइटमध्ये दिसतं जेमतेम काही मीटर, त्यामुळे आधी चांगला मल्टीबीम सर्व्हे (आवाजाच्या लहरींनी तळाची बारीक मोजणी) का लागतो ते आपोआप डोक्यात शिरेल. झालंच तर एखाद्या तांडेलकाकांना तो प्लॅन दाखवा, पाण्याच्या ओढीबद्दल असे प्रश्न विचारतील की प्लॅन परत लिहाल.

शिक्षणाचं म्हणाल तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, किंवा साधी बीएस्सी करून पुढे गोवा युनिव्हर्सिटीत मरीनचं एमएस्सी. डिझर्टेशनसाठी दोनापावल्याच्या एनआयओमध्ये (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) नाहीतर वास्कोच्या एनसीपीओआरमध्ये (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) प्रयत्न करा. डिसेंबर 2024 मध्ये हिंदी महासागरात 4500 मीटरवरच्या गरम झऱ्याचे फोटो मिळाले ते एनसीपीओआर आणि एनआयओटीच्याच टीमला. मुंबईच्या नादात गोवा विसरू नका, कोकण रेल्वेने काही तासांवर आहे. जिऑलॉजी, केमिस्ट्री, बायो काहीही चालतं, फक्त थोडं पायथन आणि मॅपिंग येऊ दे.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की बोटीवर महिनाभर फोन लागेल न लागेल. गणपतीला यायचा शब्द देऊ नका, क्रूझच्या, म्हणजे संशोधनाच्या सफरीच्या, तारखा सरकतातच. बोट लागण्याची गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर घेऊन ती पोटात राहत नाही.