ब्रेक उघडण्याआधी काय काय जमवायचं

गेल्या श्रावणात नाशिकमध्ये सातपूरहून घरी येताना एबीबी सर्कलच्या सिग्नलला थांबलो होतो. पाय ब्रेकवर, गाडी उभी, आणि पेडल मात्र पायाखाली हळूहळू बसत चाललेलं. पुन्हा दाबलं, वर आलं, पुन्हा बसलं. हँडब्रेक ओढून धरला, सिग्नल सुटल्यावर पहिल्या गिअरमध्ये रांगत गाडी कडेला घेतली. पुढच्या डाव्या चाकाच्या आतून ब्रेक ऑइल ठिबकत होतं. रिमवर एक ओघळ आलेला आणि तेवढ्याच पट्ट्यात रंग फुगलेला. डिस्क नव्या, पॅड नवे, स्टीलच्या जाळीचे होज नवे, सगळं इंग्लंडहून मागवलेलं. गळत होतं ते कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, आणि त्याला ऑइल नेणारा होज यांच्या मधल्या तांब्याच्या वायसरमधून, म्हणजे भोकाच्या चपट्या चकतीतून. जुना काढला होता आणि तोच पुसून परत बसवला होता. नवा आणलाच नव्हता.

पोरगी मागच्या सीटवर होती. म्हणून ही यादी लिहितोय.

माझी गाडी फोर्ड एस्कॉर्ट, १९९७ची, पेट्रोल १.३. नवीन पोरांना माहीत नसतं, पण ही गाडी नाशिकचीच. महिंद्रा आणि फोर्ड १९९५ साली एकत्र आले आणि १९९६ पासून एस्कॉर्ट इथल्या महिंद्राच्या कारखान्यात जोडली जायची. पुढे १९९९ला चेन्नईजवळ आयकॉन सुरू झाली आणि एस्कॉर्ट मागे पडली. २०२१ला फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करायचं ठरवलं. म्हणजे गाडी आपल्या गावची आणि पार्ट मात्र सातासमुद्रापलीकडे. इंग्लंडमध्ये हीच गाडी २०००पर्यंत बनत होती आणि तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच, म्हणून मागवायचं तर तिथूनच मागवा. जर्मनीतलं स्वस्त दिसतं, पण तिकडची गाडी डाव्या हाताची. डिस्क-पॅडला फरक पडत नाही, स्टिअरिंग रॅक किंवा वायपरची जोडणी मागवाल तर फसाल. तुमची गाडी दुसरी असेल, झेन असेल, जिप्सी असेल, तरी पुढचं सगळं लागू आहे.

तर पहिलं काम, आणि हे पैसे भरायच्या आधीचं: जुन्या पार्टवरचा नंबर. गाडीच्या नावावरून मागवू नका. 'एस्कॉर्ट १.३' एवढं लिहून मागवलं तर तिकडचा दुकानदार त्याच्या यादीतलं काहीतरी पाठवतो. एकाच मॉडेलला साध्या डिस्कही असतात आणि मधून हवा खेळणाऱ्या जाड डिस्कही असतात, एबीएस असलेली-नसलेली हा फरक वेगळाच. फोर्डच्या पार्टवर बहुतेक वेळा ९६एबी असल्या अक्षरांनी सुरू होणारा लांब नंबर कोरलेला किंवा ओतलेला असतो. पहिले दोन आकडे तो पार्ट कोणत्या साली आखला ते सांगतात, शेवटची अक्षरं सुधारणा सांगतात. शेवटची दोन अक्षरं बदलली तर दुकानदाराला विचारा, स्वतः ठरवू नका. नंबर गंजाखाली गेला असेल तर तारेच्या ब्रशने घासा, खडू फिरवा, मग टॉर्च तिरका धरून फोटो काढा. समोरून प्रकाश टाकला की काही वाचता येत नाही. डिस्कचा व्यास आणि जाडी व्हर्निअरने मोजा. डिस्कच्या कडेला किमान जाडी लिहिलेली असते, तीही टिपून ठेवा.

नंबर टिपतानाच होज कॅलिपरला कसा जोडलाय ते बघा. टोकाला बँजो असेल, म्हणजे मधून बोल्ट जाणारी गोल कडी, तर त्या कडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन वायसर. होज सरळ आट्यावर बसत असेल आणि खाली वायसर असेल तर एक. दोन्ही चाकांचे मोजा आणि त्याच्या दुप्पट लिहा. आत्ता लिहा. मी इथेच चुकलो. होजच्या किटमध्ये सगळं येत असणार असं धरून चाललो. किटच्या चित्रात वायसर दिसत होते, खोक्यात नव्हते. दुकानदाराला विचारल्यावर उत्तर आलं की ते वेगळे मागवावे लागतात. तोपर्यंत गाडी उघडलेली होती.

कस्टम्सबद्दल थोडक्यात. ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागते, वर आयजीएसटी. डिस्कसारख्या जड वस्तूंना भाडंच पार्टच्या जवळ जातं, म्हणून हिशोब आधी करा. कुरिअरवाले केवायसी मागतात, ती त्याच दिवशी द्या, नाहीतर खोकं मुंबईत पडून राहतं आणि वर साठवणुकीचे पैसे. तिकडच्या नातेवाइकाला खोक्यावर 'भेटवस्तू' लिहायला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने-कुरिअरने भेट म्हणून ड्यूटीची सूट घेता येत नाही, अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. खरी किंमत लिहा, ड्यूटी भरा, विषय संपला. ब्रेक क्लीनरचा स्प्रे तिकडून मागवू नका, दाबाखालचा ज्वलनशील डबा साध्या कुरिअरने विमानातून येत नाही. तो इथेच मिळतो.

आणि मॉडिफिकेशन करायच्या उत्साहात असाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम वाचा. कंपनीने जे दिलंय आणि आरसीवर जे लिहिलंय त्यापासून गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलंय. मूळ मापाची डिस्क, मूळ मापाचे पॅड, चांगल्या प्रतीचे होज ही दुरुस्ती झाली. दुसऱ्या इंजिनाची मोठी डिस्क, मोठी चाकं, उंची बदलणं हे वेगळं. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर तेव्हा काही बोलता येत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पेठ रोडच्या आरटीओत नूतनीकरणाला जावं लागतं, तिथे ब्रेक बघतात. म्हणून पासिंगच्या तोंडावर ब्रेक उघडू नका. किमान दोन महिने आधी, किंवा पासिंग झाल्यावर.

आता खोकं आलं. आलं की लगेच गाडीवर चढू नका. जुना पार्ट अजून गाडीवरच आहे, त्याच्याशी नवा लावून बघा: व्यास, जाडी, मधलं भोक, बोल्टची भोकं. एस्कॉर्टला चार बोल्ट, १०८ मिमीचा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. होजची लांबी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. चूक असेल तर ती आता कळू द्या, गाडी चालती असताना. आणि खोक्यात वायसर आहेत का ते मोजा. नसतील तर पुढे वाचायचं थांबवा आणि वायसर घेऊन या.

कुठे मिळतात ते सांगतो. द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका या पट्ट्यातल्या स्पेअरच्या दुकानांत मिळतात, फक्त नीट मागा. 'ब्रेकचा वायसर द्या' म्हटलं की समोरचा जे हाताला येईल ते देतो. जुना वायसर नाहीतर बोल्टच सोबत न्या. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही जुळायला हवं. माझ्या गाडीला आतून १० मिमी लागतो. बाहेरून मोठा आला तर कॅलिपरच्या खाचेत सपाट बसत नाही, एका कडेवर उभा राहतो आणि गळतो. दहा घ्या. दहा वायसरांना जेवढे पैसे लागतात तेवढ्यात भाजीची एक जुडी येते.

जुना का चालत नाही, हे मला द्वारकेच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी हातात देऊन दाखवलं. गाडी त्यांच्याकडे ओढून नेली होती. त्यांनी बोल्ट काढला आणि पहिलाच प्रश्न केला, "भाऊ, वायसर नवे टाकले होते का?" मी गप्प. त्यांनी एका तळहातावर माझा जुना आणि दुसऱ्यावर नवा ठेवला. नवा मऊ. जुना कडक, त्यावर गोल वळ उमटलेला, जुन्या होजच्या तोंडाचा. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं. मऊ असतं तेव्हाच ते धातूच्या बारीक खाचांत शिरून वाट बंद करतं. कडक झालेल्या वायसरवर नव्या होजचं तोंड टेकवलं की जुना वळ एकीकडे आणि नवं तोंड दुसरीकडे, मधून ऑइलला वाट. तुम्ही कितीही आवळा. जास्त आवळाल तर कॅलिपरचे आटे जातील आणि मग कॅलिपरही मागवा. काकांनी हेही सांगितलं की अडचणीत जुना वायसर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो, मग बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्यायचा. ते खरं आहे, पण ते आडरानातलं काम. घरी बसून, महिनाभर आधी ठरवून ब्रेक करताय, तर नवे आणा. इंजिन ऑइल बदलताना खालच्या चेंबरच्या नटाखाली तांब्याचा वायसर असेल तर तोही याच जातीचा, तोही बदला.

हत्यारांत पाने, जॅक, टॉर्क रेंच हे सांगायला नको. दोन गोष्टी मात्र नेमक्या वेळेला नसतात. एक, ७ मिमीची अॅलन की. माझ्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांना तीच लागते आणि साध्या सेटमध्ये ६ नंतर थेट ८ असते. ६ घालून फिरवायला जाऊ नका, पिनेचं तोंड गोल होतं. दोन, ११ मिमीचा फ्लेअर नट पाना, म्हणजे ज्याच्या तोंडात पाइप जायला फट असते आणि बाकी सगळ्या बाजूंनी नट धरला जातो. उघड्या तोंडाच्या पान्याने पंचवीस वर्षांचा नट गोल होतो आणि मग लोखंडी पाइपच बदलायला लागतो. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, घ्या. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका, विटांवर तर मुळीच नाही, विटा फुटतात. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर घोडी रुतते, खाली जाड फळी टाका.

ब्रेक ऑइल डॉट ४, सीलबंद डबा, इथलाच. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. कोरडं असताना डॉट ४ किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी खाल्ल्यावर ती मर्यादा १५५पर्यंत खाली येते, आणि कसारा घाटात उतरताना तेवढा फरक पुरेसा असतो. म्हणून मागच्या वर्षीचा अर्धा डबा वापरू नका, पावसाळ्यातला तर नाहीच. डॉट ५ आणू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. ५.१ चालतं, नाव सारखं असलं तरी ते वेगळं. रबराला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल यांचा हात लागू देऊ नका, सील फुगतात. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नुसतं पुसून भागत नाही. पाण्याची बादली जवळच ठेवा.

वायसर खिशात आहेत का? बघा.

उघडताना एका वेळी एकच चाक. दुसरं तसंच राहू द्या, काही विसरलं तर बघायला नमुना राहतो. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपरचा पिस्टन आत ढकलण्याआधी त्यावरचा निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायची तोटी, ढिला करून नळी लावा, नाहीतर घाण ऑइल उलटं पेडलमागच्या मास्टर सिलिंडरकडे जातं. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने पूर्ण काढा. डिस्क ज्यावर बसते तो हब गंजलेला असेल तर घासून सपाट करा, डिस्क वाकडी फिरते ती याच्यामुळे. होज बसवताना दोन्ही तोंडं फडक्याने पुसा, नवे वायसर, कडीच्या दोन्ही बाजूंना, हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, मग टॉर्क रेंच. जुने वायसर त्याच क्षणी कचऱ्यात. डबीत ठेवू नका. मी डबीत ठेवले होते, म्हणून ते हाताला लागले.

एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा, काढायला पेडल दाबणारा दुसरा माणूस लागतो, त्याला आधी सांगून ठेवा. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत गेलं की सील कधीच न गेलेल्या गंजक्या भागावर घासतं आणि फाटतं. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल संपू देऊ नका. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात असतो.

मग इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. बसत गेलं तर कुठेतरी गळतंय. नाही बसलं तरी टॉर्च घेऊन खाली जा आणि प्रत्येक वायसरवरून कोरडं पांढरं फडकं फिरवा. पहिला फेरा पार्किंगमध्ये, दुसरा सकाळी रिकाम्या रस्त्यावर, एकट्याने. पोरांना घेऊन नाही. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक नको. रात्री चारही चाकांच्या आत कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा, आणि सकाळी चावी लावायच्या आधी तो बाहेर ओढून उजेडात बघा.