कागदपत्राचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा
सातबाऱ्याचा किंवा गुणपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की ॲप त्याचा आकार कमी करते आणि पलीकडच्या माणसाला गट क्रमांकातला आकडा ३ आहे की ८, हेच कळेनासे होते. त्याऐवजी अँड्रॉइडवर क्लिपच्या, तर आयफोनवर अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडावा आणि तोच फोटो तेथून जोडावा. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जशीच्या तशी जाते. फोटो अधिक स्पष्ट पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपमध्ये असलेल्या ‘एचडी’ पर्यायामध्येही थोडी काटछाट होतेच, म्हणून छापायच्या कागदासाठी तो पर्याय मी सुचवणार नाही. मात्र कॅमेऱ्यात लोकेशनची नोंद चालू असेल, तर फोटो कुठे काढला हेही फाइलबरोबर जाते. तेव्हा घरी काढलेले फोटो अनोळखी व्यक्तीला या मार्गाने पाठवू नयेत.