आजींचं वय किती? ज्येष्ठांवरच्या क्लिनिकल अभ्यासात नव्यानं येणाऱ्यांसाठी

बीफार्म, बीएएमएस, नर्सिंग किंवा एमएसडब्ल्यू करून तुम्ही सोलापुरात एखाद्या अभ्यासावर सीआरसी (अभ्यासाचं रोजचं काम सांभाळणारे समन्वयक) म्हणून रुजू होणार असाल, तर जीसीपी (क्लिनिकल अभ्यास नीट करायचे नियम), प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), सीआरएफ (प्रत्येक पेशंटचा माहितीचा फॉर्म) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरून लिहिते. ज्येष्ठांच्या अभ्यासात माणूस फसतो तो मात्र वेगळ्याच जागी. ती जागा म्हणजे फॉर्मवरचा सगळ्यात सोपा रकाना, वय. मीही तिथेच फसले, म्हणून त्यावर जरा जास्त बोलणार आहे.

आधार कार्ड समोर येतं, त्यावर १ जानेवारी असते, आपण उतरवून घेतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. थांबा. १ जानेवारी म्हणजे बहुधा तारीख माहीत नव्हती, वर्षही अंदाजानं सांगितलं होतं. काही कार्डांवर तर नुसतं जन्मवर्षच असतं. शाळेत गेलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांची तारीख पुष्कळदा १ जून निघते, कारण मास्तरांनी नाव घालताना तीच लिहिली. त्यातलं वर्ष पहिलीत बसायला लागेल तेवढं मागे घेतलेलं असतं. ही चूक लहान असते, वर्ष-दोन वर्षांची. शाळा न पाहिलेल्या आजींच्या कागदावरची चूक आठ-दहा वर्षांचीही असू शकते.

ती कुठल्या बाजूला असेल याचाही अंदाज घेता येतो. श्रावणबाळ योजनेला ६५ लागतात, एसटीच्या अर्ध्या तिकिटाला ६५, आणि २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत प्रवासाला ७५. त्यामुळे काही कागदांवर वय पुढे सरकलेलं असतं. उलट विडी कारखान्याच्या किंवा गिरणीच्या जुन्या नोंदीत ते मागे ओढलेलं सापडतं, कारण काम आणखी काही वर्षं टिकावं ही गरज होती. एकाच माणसाच्या दोन कागदांत सात वर्षांचा फरक दिसला तर त्याला खोटारडं समजू नका. दोन्ही वेळी पोटाचाच प्रश्न होता.

आता यानं बिघडतं काय? पहिली गोष्ट पात्रता. ‘७५ आणि त्यावरील’ अशा गटात ६६ वर्षांची बाई गेली, तर त्या गटाचा निष्कर्षच पातळ होतो. दुसरी आणि जास्त धोक्याची गोष्ट मूत्रपिंडाच्या हिशोबाची. मूत्रपिंड रक्त किती वेगानं साफ करतं याचा अंदाज देणारं कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र आठवा. १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनानं गुणा, ७२ गुणिले रक्तातल्या क्रिएटिनिननं (मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा घटक) भागा, स्त्री असेल तर ०.८५ नं गुणा. वजन ५० किलो आणि क्रिएटिनिन १.० असलेल्या आजींचं वय ६२ धरलं तर उत्तर येतं ४६. वय ७० धरलं तर ४१. प्रोटोकॉलची अट ४५ ची असेल तर त्याच आजी, त्याच रक्तावर, एका कागदानं अभ्यासात येतात आणि दुसऱ्या कागदानं बाहेर राहतात. ज्या औषधाचा डोस या आकड्यावर ठरतो, तिथे तर वय चुकलं की गोळीच चुकली.

म्हणून वय विचारायची पद्धत बदला. ‘तुमचं वय किती?’ या प्रश्नाला ‘असंल साठ-पासष्ट’ हेच उत्तर मिळतं, आणि शून्य-पाचवर संपणारे आकडे तुमच्या यादीत ढिगानं जमतात. त्याऐवजी घटना विचारा. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना रझाकारांचे दिवस आणि १९४८ ची पोलीस कारवाई विचारा. सैन्य सोलापूरकडूनच नळदुर्गच्या दिशेनं आत गेलं होतं, त्यामुळे सीमेलगतच्या गावांतल्या घरांत ही आठवण टिकून आहे. मग १९६७ चा डिसेंबर, कोयनेचा भूकंप. पण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात पक्की खुंटी १९७२ च्या दुष्काळाची. सुकडी, लाल मिलो आणि खडी फोडायची कामं हे शब्द उच्चारले की चेहरा बदलतो आणि आठवणी धडाधड येतात. तेव्हा लग्न झालं होतं का? कडेवर मूल होतं का? न्हाण आलं होतं का? (हा प्रश्न बाईनंच विचारावा, आणि मुलगा-सून खोलीत नसताना.) कागदावर १९५० असलेल्या आजी म्हणाल्या, ‘आईसंगं खडीवर जायची, अजून पदर आला नव्हता,’ तर त्या तेव्हा बारा-तेराच्या होत्या. म्हणजे जन्म १९५९-६० चा. कागद त्यांना नऊ-दहा वर्षांनी मोठं दाखवतोय.

एका खुंटीवर विसंबू नका. दुसरी घ्या. थोरलं अपत्य आज किती वर्षांचं, आणि ते झालं तेव्हा लग्नाला किती वर्षं झाली होती? थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला बहुधा घरात असतो. १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमाराला झाला आणि सोलापूरही हललं. तेव्हा पहिलं नातवंड झालं होतं का, हे पुष्कळांना नेमकं सांगता येतं. दोन खुंट्यांचे अंदाज तीन वर्षांच्या आत जुळले तर मधला आकडा घ्या. नाही जुळले तर तिसरी शोधा, पण ओढूनताणून जुळवू नका.

आता नोंदीबद्दल, आणि हे कडक शब्दांत सांगते. कागदावरचं वय आपल्या मनानं बदलायचं नाही. कधीच नाही. पात्रतेसाठी प्रोटोकॉल जो कागद मानतो तो तसाच नोंदवा. शेजारी, सोर्समध्ये (पेशंटच्या मूळ नोंदीत), वेगळ्या ओळीत लिहा: कागद कोणता, तारीख पूर्ण आहे की नुसतं वर्ष, घटनांवरून अंदाजे वय किती, कुठल्या दोन घटना वापरल्या, सांगितलं कोणी. फरक पाच वर्षांहून जास्त असेल तर पीआयला (मुख्य संशोधकाला) त्याच दिवशी दाखवा. कुठलं वय ग्राह्य धरायचं हा नियम पहिला पेशंट घेण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या, कारण चाळिसाव्या पेशंटला ठरवलं तर आधीच्या एकोणचाळीस जणांचं काय, याला उत्तर नसतं. आणि तुमचा अंदाज अभ्यासाच्या टीमबाहेर जाता कामा नये. एखाद्या आजोबांची पेन्शन तुमच्या एका सैल वाक्यानं अडचणीत येऊ शकते. गोपनीयता प्रशिक्षणाच्या स्लाइडवर एका ओळीत संपते, इथे तिचा अर्थ माणसाचं महिन्याचं धान्य असा असतो.

घाबरू नका. पहिल्या दहा जणांना या चौकशीला वीसेक मिनिटं लागतात, पुढे सातात होतं.

संमतीकडे वळू. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुलकडे, बाजारात मराठी बोलणारी आजी घरात तेलुगू बोलते, आणि बऱ्याचदा दोन्ही वाचत नाही. अक्कलकोटकडच्यांची कन्नड. त्यामुळे तिन्ही भाषांतली संमतीपत्रं एथिक्स कमिटीकडून मंजूर असायला हवीत, आणि तेलुगू मसुदा आपल्याकडच्या एखाद्या विणकर घरातल्या बाईला वाचून दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका. पुस्तकी तेलुगू तिथे अडते. निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा. मुलगा हा निःपक्ष साक्षीदार नाही. तुमच्या टीमची नर्सही नाही. सही करायला शेवटच्या मिनिटाला बोलावलेला माणूस तर साक्षीदारच नाही. अंगठा घेण्याआधी आजींनाच विचारा, ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, इथे काय होणार आहे?’ ‘डॉक्टर चांगले हायत’ एवढंच उत्तर आलं तर संमती झालेली नाही, पुन्हा समजवा.

पुढे प्रश्नावलीतही मुलगाच उत्तरं देतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण ‘आयुष्याबद्दल समाधानी आहात का, जगण्यात रस वाटतो का’ याला मुलानं दिलेलं उत्तर नैराश्याच्या जीडीएस चाचणीत कवडीमोल आहे. त्याला केसपेपर काढायला पाठवा. यंत्रमागावर आयुष्य गेलेल्यांना ऐकू कमी येतं, म्हणून समोर बसा, ओठ दिसू द्या, पंखा बंद करा, ओरडू नका. ऐकू न आल्यानं चुकलेलं उत्तर स्मृतिभ्रंशाच्या खात्यात जमा होतं. तसंच शिक्षणाचं. एमएमएसई ही स्मृती-आकलनाची चाचणी ३० गुणांची, आणि २४ च्या खाली गेलं की लोक लगेच शिक्का मारतात. वाक्य लिहा, आकृती काढा, १०० मधून सात-सात वजा करा, हे शाळा न पाहिलेल्या माणसाला कसं जमणार? निरक्षर ज्येष्ठांचा विचार करून हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी तिचं हिंदी रूप, एचएमएसई, तयार झालं ते याच अडचणीतून. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये कोणती चाचणी, तिचं मराठी रूप पडताळलेलं आहे का आणि वापराची परवानगी घेतली आहे का, हे पहिल्या आठवड्यात विचारा. जागेवर स्वतः भाषांतर करून विचारू नका.

‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणारी आजी रोज सकाळी मिश्री लावत असते. मिश्री, जर्दा, तपकीर, विडी, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. औषधांचंही तेच. घरातली सगळी पिशवी आणायला सांगा आणि टेबलावर ओता. मेडिकलमधून सुट्या आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या तिथेच सापडतात, आणि क्रिएटिनिन का वाढलं याचं उत्तरही.

शारीरिक चाचण्या सोप्या दिसतात. टाइम्ड अप अँड गोसाठी (खुर्चीतून उठून, चालून, परत येऊन बसायला लागणारा वेळ) खुर्चीपासून तीन मीटरवर पट्टी चिकटवा आणि टेपनं मोजा, फरशा मोजून नाही. प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते, म्हणून साधारण ४६ सेंटिमीटर उंचीची लाकडी किंवा लोखंडी घ्या आणि भिंतीला टेकवा. रोजची चप्पल, रोजची काठी. हाताची पकड मोजताना बसवून, कोपर काटकोनात, आणि कुठल्या हाताचे किती प्रयत्न हे प्रोटोकॉलप्रमाणे. वयाबरोबर स्नायू झिजण्यावरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषात पुरुषांना २८ आणि स्त्रियांना १८ किलोखालची पकड कमी मानतात, त्यामुळे अर्ध्या किलोची चूकही माणसाला या बाजूहून त्या बाजूला नेते. उभं राहिल्यावरचं बीपी घ्यायचं तर आधी पाच मिनिटं आडवं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत. वरचं २० किंवा खालचं १० नं उतरलं तर ती नोंद. पण एप्रिल-मेमध्ये रिक्षानं उन्हातून आलेल्या माणसाचं बीपी पाणी कमी पडल्यानंही उतरतं. त्या दोन महिन्यांत व्हिजिट सकाळी आठच्या लावा. मधुमेह्यांना उपाशी बोलावलं तर सकाळची गोळी न घेता बरोबर आणायला सांगा, आणि रक्त घेतल्याबरोबर समोर बसवून खायला घाला.

तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवा. आषाढीच्या आधी वारी, जानेवारीच्या मध्यात सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. व्हिजिटला मुभा असलेल्या ±३ दिवसांच्या खिडकीत आजी पंढरपुरात असतील तर ते डेव्हिएशन (प्रोटोकॉल मोडणं) तुमचं आहे, विठ्ठलाचं नाही.

शिकण्याबद्दल माझं ठाम मत आहे. सहा महिन्यांच्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सवर वडिलांचे पैसे घालू नका. जीसीपीचं प्रशिक्षण ऑनलाइन मोफतही मिळतं. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९ चे ‘नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल’ नियम मुळातून वाचा. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या संशोधन संस्थेनं चालवलेल्या, वाढत्या वयावरच्या लासी सर्वेक्षणात ४५ वर्षांवरचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त लोक होते. त्याची प्रश्नावली वाचली तर प्रश्न कसा विचारावा हे कुठल्याही कोर्सपेक्षा चांगलं कळतं. गुरू शोधाल तर मोठ्या नावाचा शोधू नका, वॉर्डातली वीस वर्षं काढलेली सिस्टर शोधा. आणि ‘मागची तारीख टाकून भर गं’ असं सांगणारा वरिष्ठ भेटला तर त्या दिवशी भरू नका, त्या महिन्यात नोकरी बदला. सही तुमची असते.

शेवटचं, गंभीर प्रतिकूल घटनेचं. औषधाच्या ट्रायलमध्ये आजोबा रुग्णालयात दाखल झाले तर ती घटना घडल्यापासून २४ तासांत नियामक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवावी लागते. घरचे मात्र जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात आणि तुम्हाला पुढच्या व्हिजिटला सांगतात, पंधरा दिवसांनी. म्हणून पहिल्याच दिवशी दोन नंबर घ्या, एक मुलाचा आणि एक दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचा. तुमचा नंबर जाड स्केचपेननं, बोटाएवढ्या आकड्यांत कार्डावर लिहा. ते कार्ड फाइलमध्ये देऊ नका, फाइल कपाटात जाते. गोळ्यांच्या पिशवीलाच दोऱ्यानं बांधा, कारण दवाखान्यात जाताना घरचे तीच पिशवी उचलतात.