घरातल्या आजारी माणसाचं करता करता आपणच संपून गेलो तर काय करायचं

मागच्या वर्षी श्रावणात एक दिवस सकाळी मी सासूबाईंच्या कॉटजवळ हातात गोळ्यांची स्ट्रिप धरून उभी होते आणि मला काही केल्या आठवेना की रक्त पातळ करायची गोळी त्यांना दिली की द्यायचीय. आईंना विचारून उपयोग नव्हता, अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं बोलणं गेलंय, "हं" आणि "नको" एवढेच दोन शब्द निघतात. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, त्याही मी मोजल्या नव्हत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, ना भीती ना रडू, नुसतं वाटत होतं की इथंच फरशीवर बसावं आणि आता कुणी ऊठ म्हणू नये.

ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय त्यांना हे लगेच कळेल. त्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांत मी काय काय केलं, त्यातलं काय लागू पडलं ते लिहितेय, कारण मला तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मला जो तो सांगायचा की मन घट्ट कर, पॉझिटिव्ह राहा. मी सकाळी सकाळी मोबाईलवर मोटिव्हेशनचे व्हिडिओपण लावून बघितले, दहा मिनिटं बरं वाटायचं आणि अकराव्या मिनिटाला डायपर बदलायची वेळ व्हायची. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओता, काय उपयोग. त्यामुळे माझं म्हणणं असंय की उत्साह कुठून आणायचा हे नंतर बघा, आधी तो कुठनं कुठनं गळतोय ते शोधा. ही गळती थांबल्याशिवाय योगा, छंद, ट्रिप यातलं काहीच टिकत नाही.

पहिली गळती माझ्या रक्तातच निघाली. आईंच्या व्यायामाला येणाऱ्या फिजिओताई एकदा म्हणाल्या, तुम्ही एक जिना चढून आलात तर एवढी धाप का लागतेय, आणि पापणी खाली ओढून बघून म्हणाल्या उद्याच हिमोग्लोबिन करा. आलं ८.९. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि आपण सगळ्याजणी ते मनाचा आळस म्हणून अंगावर काढत बसतो! म्हणून कळकळीनं सांगते, मनावर काही उपाय करायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, बी-१२, डी व्हिटॅमिन, थायरॉईड आणि शुगर बघून घ्या. पुरुषांनीपण. यातलं काहीही बिघडलं की माणूस असाच निरुत्साही होतो आणि त्यावर औषध असतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही, मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. मला फरक जाणवायला महिनाभर लागला आणि डॉक्टरांनी गोळ्या त्यानंतरही बरेच महिने चालू ठेवल्या.

दुसरी गळती झोप, आणि ही सगळ्यात मोठी. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला, माकडहाडाला बेडसोर, म्हणजे पडून पडून जखमा होतात. मी रात्री दोन-दोन तासांचा अलार्म लावून सात महिने काढले. नवरा म्हणायचा मला उठव, मी म्हणायचे राहू दे, त्यांना सकाळी ड्युटी असते. हा माझा मूर्खपणा नव्हता, प्रेमच होतं, पण त्यानं दोघांचं नुकसान झालं. आता आम्ही रात्र मधोमध कापलीय. दहा ते दोन त्यांची पाळी, मी आतल्या खोलीत दार लावून झोपते, दोन ते सहा माझी पाळी आणि ते झोपतात. तुकड्या-तुकड्यात झालेली सात तास झोप आणि सलग चार तास झोप यात सलग चार तास कितीतरी बऱ्या, हे मी अंगावर काढून शिकलेय. दुपारी आई झोपल्या की मीपण अर्धा तास आडवी होते, भांडी तशीच पडलेली असली तरी. एअर बेड घेतलाय, पण त्यानं कूस बदलायची सुटत नाही, रात्री अंतर वाढवलं तर चालेल का ते तुमच्या पेशंटची कातडी बघून डॉक्टरच सांगतील, त्यांना जरूर विचारा. आणि संध्याकाळी सहानंतरचा चहा मी बंद केला. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचं निम्मं रात्री अकराला अंगात असतंच, मग नऊ-दहाला पडून डोळा कसा लागणार.

तिसरी गळती म्हणजे डोक्यात सतत चालू असलेली यादी. गोळी दिली का, लघवीची पिशवी रिकामी केली का, डायपर किती राहिलेत, सिलिंडर कधी लावला, पतसंस्थेत उद्या किती वाजता पोचायचंय. अंग काम करून दमतं त्याच्या दुप्पट डोकं हे धरून ठेवून दमतं. त्या गोळीच्या प्रकारानंतर मी मेडिकलमधून सात दिवसांचा गोळ्यांचा डबा आणला, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला, रविवारी एकदाच भरून ठेवते. कप्पा रिकामा म्हणजे दिली, भरलेला म्हणजे द्यायचीय, संपलं, आठवायचं काही उरतच नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, सुतळीला पेन बांधलंय, जो जे करेल तो टिक करेल आणि वेळ लिहील, नवरा, मुलगा, कामाच्या मावशीपण. मावशींना लिहिता येत नाही, त्या एक आडवी रेघ मारतात. (आणि दिली की नाही कळतच नसेल तर अंदाजानं दुसरी गोळी देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. मी त्या दिवशी तेच केलं.)

मदतीचं जरा सविस्तर सांगते, कारण इथंच आपण बायका अडतो. बघायला येणारा प्रत्येक जण जाताना म्हणतो, काही लागलं तर सांग हं. आणि आपण म्हणतो, हो हो. पुढं काहीच होत नाही. त्यांच्या मनात खोट असते असं मला वाटत नाही, त्यांना कळतच नाही की नेमकं काय करायचं. मी एका रात्री बसून वहीत लिहून काढलं की कुठली कामं माझ्याशिवाय दुसरं कुणी करू शकतं, बावीस निघाली! मग नणंदेला फोन केला, "ताई, रविवारी चार ते सहा तुम्ही आईंजवळ बसाल का, पेज मी करून ठेवते, तुम्ही फक्त पाच वाजता चमच्यानं भरवायची." त्या दोन सेकंद गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, "अगं, तू कधी म्हणालीच नाहीस, मला वाटायचं तुला आवडणार नाही कुणी मध्ये पडलेलं." दीड वर्ष दोघी आपापल्या घरी असं धरून बसलो होतो. तेव्हापासून मागताना तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या, काय करायचं, कुठल्या वारी आणि किती वाजता ते किती वाजेपर्यंत. पुण्याचे भावजी येऊ शकत नाहीत तर डायपर आणि औषधांची ऑर्डर दर महिन्याला तेच ऑनलाइन टाकतात, पैशांपेक्षा ती आठवण ठेवायची कटकट गेली हे मोठं. शेजारच्या काकू बुधवारी भाजी आणताना आमचीपण आणतात. काहीजण नाही म्हणाले, त्याचं वाईट वाटलं, पण त्यांचा विचार करत बसणं हीपण एक गळतीच आहे. परवडत असेल तर आठवड्यातून दोन दिवस तरी नर्सिंग ब्युरोची, पेशंट सांभाळणारी बाई ठेवा, आणि जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दीर्घ आजारातल्या पेशंटचा त्रास कमी करायला मदत करणारी टीम आहे का, ती घरी येते का, याची चौकशी करा, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

खाण्याचं थोडक्यात. ओट्याशी उभं राहून आईंच्या ताटातलं उरलेलं खाणं बंद. स्वतःचं ताट वाढून घ्या आणि बसून जेवा, रोज डाळ-उसळ-अंडं यातलं काहीतरी पोटात जाऊ द्या.

एवढं झाल्यावर, म्हणजे साधारण दीड महिन्यानं, माझ्या लक्षात आलं की दमणूक कमी झालीय पण काही करावंसं अजून वाटत नाहीये. मी वाट बघत होते की एक दिवस वाटेल आणि मग करीन. तसं होत नाही. मानसशास्त्रात बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणून उपचार आहे, नैराश्यावरपण वापरतात, त्यात हेच उलटं करायला लावतात, वाटायची वाट बघायची नाही, आधी अगदी बारकी कृती करायची, वाटणं मागनं येतं.

मला पूर्वी रांगोळीचं वेड होतं. दिवाळीत गल्लीतल्या चार दारांपुढं मीच काढायचे. मग मी ठरवलं, रोज सकाळी दारात फक्त चार गुणिले चार ठिपके टाकायचे, सोळा, बस. जोडायचेच असं नाही. पहिल्या दिवशी ठिपके टाकले आणि उठून आत गेले, काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीपण नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी चिमटीतनं रांगोळी सोडताना बोटांना ती सवय परत आली, रेघ सरळ पडली, आणि मी नकळत चारही बाजूंनी पाकळ्या काढल्या. तीन मिनिटं लागली असतील. त्या तीन मिनिटांत मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते, फक्त रांगोळी काढत होते. तुम्ही तुमचं शोधा, जे पूर्वी न सांगता करायचात ते. पेटी वाजवत असाल तर फक्त पेटी उघडून सा धरायचा. चालायला जात असाल तर फक्त चपला घालून गेटपर्यंत. काम इतकं लहान ठेवा की सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा जमेल, आणि जमलं म्हणून दुसऱ्या दिवशी लगेच दुप्पट करू नका, ही चूक मी केली, एकदम रोज सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत चालायचं ठरवलं आणि चौथ्या दिवशी सगळंच सुटलं. आता आठवड्यातून तीनदा जाते, सकाळच्या उन्हात, कृष्णेचं पाणी बघून परत.

रागाबद्दल बोललं पाहिजे, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. मी आईंवर ओरडलेय. तोंडातला घास त्यांनी तिसऱ्यांदा बाहेर काढला आणि मी ओरडले, आणि त्यांच्या एकाच डोळ्यातनं पाणी आलं. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास रडले. या अपराधीपणात जेवढी शक्ती जाते तेवढी दहा वेळा कूस बदलून जात नाही. आता राग चढतोय असं वाटलं की वाटी खाली ठेवते, खोलीच्या बाहेर जाते, माठातलं पाणी पिते, परत येते. पाच मिनिटं उशिरा जेवल्यानं त्यांचं काही बिघडत नाही. आणि चुकून ओरडलेच तर हात हातात घेऊन सांगते, आई, चुकलं माझं, दमले होते. त्या "हं" म्हणतात. एका मैत्रिणीला मी सांगून ठेवलंय की मी फोन केला तर उपाय सांगू नकोस, फक्त ऐक, आणि ती खरंच ऐकते. "कधी सुटणार यातनं" असा विचार मनात येतो, तोपण मी तिला बोलून दाखवलाय. तुमच्याही मनात येत असेल तर तुम्ही वाईट माणूस नाही, खूप दिवस एकट्यानं ओढलंय एवढाच त्याचा अर्थ.

पण एक रेघ ओळखा. दोन आठवडे होऊन गेले तरी दिवसातला बहुतेक वेळ मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप-भूक पार बदललीय, किंवा आपण नसलेलंच बरं असं येतंय, तर हे घरगुती उपायांचं काम राहिलेलं नाही, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतपण बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करावं असं वाटत असेल तर आत्ता, हे वाचायचं थांबवून, फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून घ्या.

वाईट दिवस अजूनही येतात. गेल्या आठवड्यातच आईंना ताप होता, तीन रात्री पाळ्या मोडल्या आणि चौथ्या दिवशी परत ते जुनं, फरशीवर बसावंसं वाटणं आलं. अशा दिवसासाठी फ्रिजवरच्या कागदाच्या मागं मी बरा दिवस असताना लिहून ठेवलंय, आज फक्त एवढंच: आईंच्या गोळ्या, आईंची कूस, दोघींचं जेवण, माझी अंघोळ. बाकी सगळं उद्या. खिचडी चालते, कपड्यांचा ढीग चालतो, पाहुण्यांना आज नको म्हटलेलं चालतं. त्या दिवशी मी कागद उलटा लावला, मुलानं तो बघितला आणि न सांगता कुकर लावला. ठिपके दोन दिवस टाकायचे राहिले, तिसऱ्या दिवशी टाकले, सोळा.