‘भाक’ देताय? मग या चुका टाळा

ऐतिहासिक कादंबऱ्यांची मुद्रितं तपासण्याचं काम माझ्याकडे अधूनमधून येतं. मागे एका हस्तलिखितात वाक्य होतं, ‘सरदाराने महाराजांना भाक भाकली.’ लेखकाला म्हणायचं होतं की सरदाराने वचन दिलं. वाचताना मात्र तो बिचारा हात जोडून गयावया करतोय असं वाटत होतं.

भाक म्हणजे वचन, दिलेला शब्द. भाक देतात, घेतात, पाळतात, मोडतात. माणूस भाकेत गुंततो. ‘भाकणे’ हे क्रियापद मराठीत दुसऱ्याच कामाला लागलेलं आहे. करुणा भाकणे म्हणजे काकुळतीने दया मागणे, भविष्य भाकणे म्हणजे पुढचं सांगणे. भाकीत त्याच घरातलं. म्हणून ‘भाक दिली’ एवढंच लिहा. (भाकडकथेचा इथे काही संबंध नाही. भाकड म्हणजे दूध न देणारं जनावर.)

आणाभाका : एकवचनाचा घोळ

‘दोघांनी आणाभाका घेतला’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. ‘आणाभाक्या’ही पाहिलं आहे. आण आणि भाक हे दोन्ही स्त्रीलिंगी शब्द. चूक-चुका, वीट-विटा तसं आण-आणा, भाक-भाका. म्हणून आणाभाका नेहमी ‘घेतल्या’. एकवचन हवंच असेल तर ‘आणभाक’ आहे.

यातला ‘आणा’ नाण्यातला नव्हे. सोळा आण्यांचा रुपया १९५७ साली दशमान पद्धत आल्यावर व्यवहारातून गेला, पिकाच्या आणेवारीत त्याचं नाव तेवढं उरलं. शपथेची ‘आण’ संस्कृत ‘आज्ञा’वरून, प्राकृत ‘आणा’मार्गे आली. ‘तुला माझी आण आहे’ या वाक्यात अजून तो हुकमी सूर ऐकू येतो. बोलणारा स्वतःला बांधून घेत नाही, समोरच्याला बांधतो.

कोण बांधला जातो, ते बघा

समानार्थी शब्दांच्या याद्यांमध्ये शपथ, आण, भाक, वचन, पैज, पण, नवस असे सगळे एका ओळीत बसवलेले असतात. परीक्षेपुरतं ठीक आहे. लिहिताना त्यातला कुठलाही उचलून कुठेही चिकटवला की घात होतो.

शपथ ‘घेतली’ तर मी बांधला गेलो, ‘घातली’ तर तुम्ही. एका अक्षराने गोष्टीतला गुन्हेगार बदलतो. ‘आईने शपथ घेतली म्हणून तो गेला नाही’ हे वाक्य म्हणूनच लंगडं आहे. आईने घातली होती. वचन दुसऱ्या माणसाला देतात. नवस देवाला बोलतात आणि काम झाल्यावर फेडतात, तो कुणी कुणाला ‘देत’ नाही. आव्हान स्वीकारताना विडा उचलतात. बेलभंडारा (बेलाची पानं आणि हळद) उचलणं मात्र शपथेचं.

प्रतिज्ञा ‘करतात’. पाठ्यपुस्तकातली ‘भारत माझा देश आहे’ ही पायडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. मराठीत तिच्या शेवटाकडे ‘मी प्रतिज्ञा करीत आहे’ असं येतं. तीच क्रिया मंत्र्यांकडे ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ अशी येते. दोन्ही वाक्यांतली क्रियापदं अदलाबदल करून वाचा, लगेच खटकेल.

आता पैज. हा शब्द ‘प्रतिज्ञा’चंच झिजलेलं रूप, प्राकृत ‘पइज्जा’वरून आलेलं. आज पैज म्हटलं की हरणं-जिंकणं आठवतं, त्यामुळे जुन्या मजकुरात ‘पैज’ दिसली की जुगाराचा अर्थ लावायची घाई नको. तिथे नुसता निश्चयही असू शकतो.

हिंदीतून घुसलेले

‘प्रण केला’ असं सर्रास दिसतं. मराठीत तो ‘पण’ आहे. सीतेच्या स्वयंवरातला तोच, आणि जीव ‘पणाला’ लावतो तोही तोच. उभयान्वयी ‘पण’शी गल्लत होईल या भीतीने लोक ‘प्रण’ लिहितात. भीती वाटत असेल तर ‘निर्धार’ लिहा. ‘वादा’ऐवजी ‘वायदा’ टाकण्यापूर्वीही थांबा. मराठी वायद्याला पैसे फेडण्याच्या मुदतीचा वास आहे, वायदेबाजार त्यातूनच.

वस्तू की शब्द?

इंग्रजी ‘प्लेज’ वचन आणि गहाण दोन्हीकडे चालतो, मराठीत तसा एक शब्द नाही. कर्जापोटी वस्तू ठेवली तर गहाण किंवा तारण. कायद्यात त्यातही फरक आहे. १८७२चा करार कायदा ‘प्लेज’ म्हणतो ते जंगम वस्तूंचं, सोनं वगैरे. घरजमीन १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात येते, तिथे ‘मॉर्गेज’. बोलण्यात आपण दोन्हींना गहाण म्हणतो. गोष्टीत चालेल, करारनाम्याच्या भाषांतरात नाही. माणूस अडकवून ठेवला तर ओलीस, दुसऱ्यासाठी हमी देणारा जामीन.

एका भाषांतरित लेखात कार्यकर्त्याचं कौतुक करताना लिहिलं होतं, ‘त्याने आपली निष्ठा पक्षाकडे गहाण ठेवली.’ मूळ इंग्रजीत तो माणूस प्रामाणिक होता, मराठीत विकला गेला. ‘निष्ठेची ग्वाही दिली’ असं करून मी पान पुढे पाठवलं.