जुनी हार्ड डिस्क देऊन टाकताय? आधी या चुका टाळा

जुना पीसी गावच्या शाळेला द्यायचा, भाच्याला द्यायचा नाहीतर विकायचा ठरला की बहुतेकजण फाइल्स सिलेक्ट करून डिलीट मारतात, रिसायकल बिन रिकामा करतात आणि फारच काळजी वाटली तर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतात, झालं काम. पण दारावरची पाटी काढली म्हणून घरातलं सामान हलत नाही ना! क्विक फॉरमॅटमध्ये फक्त कुठली फाइल कुठे आहे ही नोंद जाते, डेटा जागेवरच असतो. फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं की f0123456.jpg छापाच्या नावांनी फोटोंचे ढीग बाहेर पडतात, फाइलची मूळ नावं गेलेली असतात पण आत आधार कार्डाचा फोटो, सही केलेल्या चेकचा स्कॅन, मुलांचे फोटो सगळं जसंच्या तसं.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये. २००३ साली छापून आलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या एमआयटीचे संशोधक सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी सेकंडहँड बाजारातून घेतलेल्या १५८ डिस्क तपासल्या, त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२, बाकीच्यांत पाच हजारांच्या वर क्रेडिट कार्ड नंबर आणि लोकांच्या आजारपणाची माहिती होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्याकडे एचडीडी (आत तबकड्या फिरणारी डिस्क) आहे का एसएसडी (मेमरी चिपवाली) हे न बघता कुठलंतरी टूल चालवणं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर डिस्कच्या खाली लिहिलेलं असतं, तिथे आधी बघा.

फिरणारी एचडीडी असेल तर सोपं आहे, पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहायचे. डिस्कपार्ट या विंडोजमधल्याच कमांड टाइप करायच्या टूलमध्ये नुसतं 'क्लीन' दिलं तर फक्त पार्टिशनची नोंद उडते, म्हणून 'क्लीन ऑल' द्या. १ टीबीला तीनेक तास तरी लागतात, अडकलं वाटून मध्येच बंद करू नका. ३५ वेळा पुसायला पाहिजे असं अजूनही लोक सांगतात, तो १९९६ चा संगणकतज्ज्ञ पीटर गुटमन यांचा सल्ला तेव्हाच्या डिस्कसाठी होता, आताच्या डिस्कला एकदा नीट पुसणं पुरतं, अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या २०१४ च्या गाइडलाइनमध्येही तेच आहे. पण डिस्क निवडताना मात्र अतिशय जपून, डिस्कपार्टच्या 'लिस्ट डिस्क' कमांडमध्ये नाव दिसत नाही फक्त साइज दिसते, १ टीबीची ९३१ जीबी आणि २५६ ची २३८ जीबी, आणि एक आकडा चुकला तर चालू कामाची डिस्क साफ होते आणि अनडू नसतं. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क आधी काढून बाजूला ठेवा, हे प्लीज विसरू नका.

चालू विंडोज असलेली डिस्क अशी पुसता येत नाही, ती दुसऱ्या पीसीला लावून पुसा. ते जमत नसेल तर सेटिंग्जमधून रिसेट धरा, रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा आणि पुढे चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन क्लीन डेटा ऑन करा, तो आपोआप ऑन नसतो आणि तिथेच बरेचजण चुकतात. डी ड्राइव्हपण त्यात येतोय ना तेही बघा, कारण सी पुसून डी तसाच ठेवणारे खूप आहेत.

एसएसडीचं वेगळं असतं. ती स्वतःच डेटा इकडून तिकडे हलवत असते आणि काही जागा विंडोजला दाखवतच नाही, त्यामुळे वरून शून्य लिहिले तरी सगळ्या चिपपर्यंत पोचतील याची खात्री नाही. तिला सिक्युअर इरेज, म्हणजे ड्राइव्हला स्वतःच सगळं पुसायला सांगणारी कमांड लागते, ती बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्ज) असते, नाहीतर सॅमसंग मॅजिशियनसारखं कंपनीचं टूल. एसएसडी यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या केसमध्ये घालून केलं तर ती कमांड बऱ्याचदा आत पोचतच नाही, म्हणून थेट बोर्डवर लावा. आणि मध्येच लाइट गेली तर ड्राइव्ह पासवर्डने लॉक होऊन बसू शकते, त्यामुळे डेस्कटॉप यूपीएसवर असेल तरच हात लावा.

पुसण्याआधी, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचं लायसन्स सरेंडर करा, सगळ्या अकाउंटमधून साइन आउट व्हा. पुसून झाल्यावर फोटोरेक एकदा स्वतः चालवून बघा, तुमची एकही फाइल सापडली तर काम झालेलं नाही.

बंद पडलेली डिस्क तशीच भंगारात देऊ नका. चालू होत नसली तरी आतल्या तबकड्यांवर डेटा असतो आणि रिकव्हरीवाले तो काढू शकतात, म्हणून तबकड्यांना आरपार ड्रिल मारा, डोळ्यांना सेफ्टी चष्मा लावून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात आणि तुकडे उडतात. एसएसडीत मात्र प्रत्येक मेमरी चिप फुटायला हवी, नुसता बोर्ड मोडून उपयोग नाही.