हत्शेपसूतची कारकीर्द कोरीव लेखांतून कशी वाचावी

इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील हत्शेपसूत हिने इ.स.पू. १४७९ ते १४५८ च्या सुमारास सत्ता चालवली. तिच्या मृत्यूनंतर तिची नावे व प्रतिमा ठिकठिकाणी छिन्नीने खरवडून काढण्यात आल्या. त्यामुळे लक्सरजवळच्या देर अल-बहरी येथील तिच्या मंदिरात किंवा त्याच्या छायाचित्रांत तिला शोधताना चित्रांपासून नव्हे, नावापासून सुरुवात करावी. भिंतीवर दाढी लावलेला राजा दिसेल. तेवढ्यावरून तो पुरुष ठरत नाही.

राजाचे नाव लांबट कड्यात, म्हणजे कार्टूशात, लिहिलेले असते. हत्शेपसूतचे राज्यारोहणाचे नाव ‘मातकारे’ असून त्यात सूर्यबिंब, बसलेली मात ही सत्य व सुव्यवस्थेची देवी आणि वर उचललेले दोन हात ही तीन चिन्हे येतात. तिच्या वडिलांच्या, पतीच्या आणि सावत्र मुलाच्या, म्हणजे अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या थुटमोसच्या, राज्यनामांतही सूर्यबिंब आहेच, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. मात देवीच्या जागी दगड खोलगट झालेला असेल आणि त्यात दुसरी अक्षरे बसवलेली दिसत असतील, तर नाव बदलल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर व्याकरण तपासावे. स्त्रीलिंगी शब्दाच्या अखेरीस बहुधा अर्धगोल पावासारखे ‘त’ चे चिन्ह येते, आणि नाव बदलणाऱ्या कारागिरांकडून असे प्रत्यय व सर्वनामे पुष्कळदा तशीच राहून गेली. १८२९ मध्ये चित्रलिपी उलगडणारा फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों या मंदिरात आला, तेव्हा राजवेषातील पुरुषाच्या प्रतिमेशेजारी ‘ती’ आणि ‘कन्या’ असे वाचून तोही गोंधळला होता. माझ्या मते या राणीचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार हा क्षुद्र प्रत्ययच होय.

आता वर्षांकडे वळावे. दुसऱ्या थुटमोसच्या मृत्यूनंतर तिसरा थुटमोस बालवयात गादीवर आला आणि हत्शेपसूत प्रथम त्याच्या वतीने कारभार पाहू लागली. त्याच्या राज्याच्या सातव्या वर्षापर्यंत ती स्वतः राजा म्हणवू लागली होती. तिने वेगळी कालगणना सुरू केली नाही, त्यामुळे लेखातील ‘वर्ष ९’ हे दोघांचेही समजावे. त्याच वर्षी तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडील पुंत देशाहून गंधरसाची झाडे घेऊन आलेल्या मोहिमेची चित्रे देर अल-बहरीच्या दुसऱ्या मजल्यावर आहेत. कर्नाक मंदिरातील उभ्या ओबेलिस्कच्या, म्हणजे टोकदार दगडी स्तंभाच्या, पायथ्याशी तर काम पंधराव्या वर्षी सुरू होऊन सात महिन्यांत संपल्याचे तिनेच लिहवून ठेवले आहे. सुमारे २९ मीटर उंचीचा अखंड ग्रॅनाइट एवढ्या अवधीत खाणीतून काढला, असा तो दावा!

खरवडण्यामागे सावत्र मुलाचा द्वेष होता, ही आवडती कथा मात्र लगेच स्वीकारू नये. थुटमोसने एकट्याने सत्ता सांभाळल्यावर सुमारे वीस वर्षे हे काम सुरू झाले नव्हते, आणि रागाने पेटलेला मनुष्य इतका थांबत नाही. मुलगा दुसरा अमेनहोतेप याचा वारसाहक्क निर्विवाद व्हावा, हा हेतू अधिक संभवतो. सेनेनमुत या अधिकाऱ्याशी तिच्या प्रेमसंबंधांच्या गप्पा सोडून दिल्या तरी चालतील. तो तिची कन्या नेफेरुरे हिचा पालक होता, एवढे लेखांतून निश्चित कळते.

शेवटी, खरवडलेली प्रत्येक जागा थुटमोसच्या माथी मारू नये. शेजारी हत्शेपसूतचे नाव शाबूत असून अमून देवाचे नाव तेवढे खोडलेले असेल, तर ते सुमारे शंभर वर्षांनंतर अमूनची उपासना बंद पाडणाऱ्या अखेनातेन राजाच्या माणसांनी केले असे मानावे. तेथे पुन्हा कोरलेला अमून दिसला, तर ती त्याहूनही नंतरच्या राजांची दुरुस्ती असते.